तिघांनी मिळून

आमच्या घरात आई-बाबा अशी जोडी कधी नव्हतीच. माझ्या नवऱ्याला त्याची मुलगी बाबा म्हणायची आणि मला काकू. माझा मुलगा मला आई म्हणायचा आणि त्याला काका. गणपतीला पहिल्यांदाच येणाऱ्या मंडळींचा हमखास गोंधळ उडायचा. एकदा पुण्याहून नव्याने आलेल्या एका बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "पुतण्या-पुतणी दोघंही तुमच्याकडेच असतात का हो?" मी हो म्हणून टाकलं. मोदक वाफेवर असताना कोण वंशावळ सांगत बसणार!

आम्हा दोघांचंही हे दुसरं लग्न. त्याची बायको आजारपणात गेली होती आणि माझं पहिलं लग्न पुण्याच्या कोर्टात संपलं होतं. इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात मराठी मंडळी तशी एकमेकांना धरून असतात, त्यातूनच ओळख झाली. मग खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन सह्या केल्या आणि चौघं एका घरात राहायला लागलो. त्याची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, माझा मुलगा नऊ. "सावत्र" हा शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही असा त्याने नियमच केला होता. शब्द आला नाही हे खरं. पण "माझा" आणि "त्याची" याचं "आमची" झालं, असंही काही झालं नाही.

ही दोन मुलं कधी भांडली नाहीत. रिमोटवरून नाही, बाथरूमवरून नाही, कशावरूनच नाही. मी हे चार लोकांत कौतुकाने सांगायची. आज वाटतं, भांडायला हवी होती. सख्खी भावंडं लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटतात, दार आपटतात आणि रात्री एकाच ताटलीतलं खातात. नाही म्हणूनही नातं टिकतं हे ती तिथे शिकतात. आमची दोघं मात्र एकमेकांशी इतकी सभ्यपणे वागायची की जणू एका जिन्यावरची दोन बिऱ्हाडं. भाऊबीजेला माझा नवरा उत्साहाने पाट मांडायचा, ताट सजवायचा, फोटो काढायचा. ती ओवाळायची, तो पाकीट द्यायचा, आणि दोघं आपापल्या खोलीत निघून जायची. पुढे ती लग्न करून आल्मेऱ्याला राहायला गेली, तो रॉटरडॅमला बंदराशी संबंधित एका कंपनीत लागला. वाढदिवसाला एकमेकांना न चुकता मेसेज पाठवायची.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राला अचानक अर्धांगाचा झटका आला आणि त्याच्या बायकोची बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे अडवणूक झाली, तेव्हा आमच्याकडे हा विषय निघाला. इथे त्याला लेव्हन्सटेस्टामेंट म्हणतात. आपल्या लोकांना ते मृत्युपत्रच वाटतं, पण ते तसं नाही. माणूस जिवंत आहे, पण त्याचं डोकं किंवा जीभ चालत नाही, अशा वेळी त्याच्या वतीने कोणी निर्णय घ्यायचे आणि कोणी सह्या करायच्या, हे त्याने धडधाकट असतानाच नोटरीकडे लिहून ठेवायचं.

मी म्हटलं, "असलं अभद्र घरात बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणते."

"आपली वास्तू डच आहे," तो म्हणाला, "तिला मराठी कळत नाही."

असा होता तो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण दोन मिनिटांत हसू यायचं आणि आपलं म्हणणं राहून जायचं. खूपदा राहून गेलं.

नोटरी तरुण होती, शांत होती, आणि आमच्यासाठी मुद्दाम सावकाश डच बोलत होती. नेहमीचे प्रश्न झाले. मग तिने विचारलं, "तुमच्या पत्नी, तुमची मुलगी आणि यांचा मुलगा, अशा तिघांना तुम्ही अधिकार देताय. तिघांनी मिळून, की तिघांपैकी कुणीही एकाने?"

तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत तो म्हणाला, "सामेन." म्हणजे मिळून.

तिने पेन खाली ठेवलं. "मिळून म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला तिघांच्याही सह्या लागतील. एक जरी नाही म्हणालं तरी पुढे काहीच होणार नाही. बहुतेक लोक एकालाच नेमतात, आणि त्याच्यानंतर कोण ते सांगतात."

"तेच तर हवंय मला," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले.

त्याचा हिशेब मला कळत होता. तो यंत्रांचा माणूस. त्याच्या कामात धोक्याच्या यंत्राचं दार उघडायचं तर दोन माणसांनी दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागत. एक किल्ली नसली तर यंत्र जागच्या जागी थांबतं, आणि थांबलं की कुणाला इजा होत नाही. घरी जाताना गाडीत त्याने मला हे सगळं परत समजावून सांगितलं, फार खुशीत येऊन. कुणी एकटं चुकीचं करू शकणार नाही, कुणाला कुणाबद्दल संशय यायला नको, आणि काही ठरवायचं तर तिघांना एका टेबलाशी बसावंच लागेल. "माझ्या निमित्ताने तरी बसतील," तो म्हणाला. मराठी माणसाला "मिळून" शब्द ऐकला की गहिवरच येतो. मिळून सण, मिळून जेवण, मिळून कार्य. त्यात नाही कोण म्हणणार? पण यंत्र थांबलं की सुरक्षित असतं. आजारी माणसाचं थांबून चालत नाही. हे त्या दिवशी ना त्या हुशार इंजिनिअरला सुचलं, ना मला.

खरं सांगायचं तर मला नोटरीसमोर थोडी धाकधूक वाटली होती. पण बोलायचं काय? "फक्त मला नेम" म्हटलं तर बाई सगळं आपल्या ताब्यात घेतेय असं दिसलं असतं. "फक्त तुझ्या मुलीला नेम" म्हटलं तर बाई अंग काढून घेतेय असं दिसलं असतं. जोडलेल्या घरात साधं वाक्यसुद्धा बोलायच्या आधी त्याचा दुसरा अर्थ तपासून बघावा लागतो. इतक्या वर्षांत मला ती सवयच लागली होती. मी कॉफी प्यायले आणि गप्प बसले.

संध्याकाळी दोघांना फोन केले. मुलगी म्हणाली, "फाइन, बाबा." माझ्या मुलाने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझं नाव कशाला, आई?"

"काकांची इच्छा आहे रे."

"ओके," तो म्हणाला. आमच्यात सगळ्यात जास्त त्यालाच कळलं होतं.

झटका त्याला मागच्या अंगणात सायकलमध्ये हवा भरताना आला. पंप पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर गेले. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नंतर शिकलेल्या भाषा आधी जातात. ज्या डचच्या परीक्षेसाठी त्याने माझी दोन वर्षं शिकवणी घेतली ती डच गेली, आयुष्यभर ज्यात काम केलं ती इंग्रजी गेली. मराठीतले थोडे शब्द उरले, तेही अर्धवट. कळत होतं किती, हे शेवटपर्यंत नीट समजलं नाही. माझ्याकडे बघून मात्र हसायचा.

सुरुवातीच्या सह्या झाल्या. बँकेला तिघं लागत होते, तर तिघं गेलो. रॉटरडॅमहून एक, आल्मेऱ्याहून एक. बँकेतून बाहेर पडल्यावर आम्ही सूप घेतलं आणि मुलगी माझ्या मुलाला म्हणाली, "यू लुक टायर्ड." मला वाटलं, बघ, तुझी किल्ली चालतेय. मनातल्या मनात मी नवऱ्याला तसं सांगितलंसुद्धा.

घोडं अडलं ते दवाखान्यानंतरचं रिहॅब संपल्यावर. घरी आणणं शक्य नव्हतं. आमच्या घराचा जिना शिडीसारखा उभा, झोपायच्या खोल्या वर, बाथरूम वर, आणि माझी कंबर अशी की पाण्याची बादली उचलताना विचार करावा लागतो. बेस्टच्या जवळच एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे अशा माणसांना कायमचं सांभाळणाऱ्या ठिकाणी, जागा निघाली होती. छोटंसं, बाग असलेलं, माझ्या घरापासून सायकलवर जाता येईल असं. मी जाऊन बघून आले होते. रोज दुपारी डबा घेऊन जायचं, त्याला भरवायचं, संध्याकाळी परत यायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवूनही टाकलं होतं. जागा फार दिवस अडवून ठेवता येत नाही, तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

तिघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती, मग एकदम म्हणाली, "काकू, नर्सिंग होम? आपल्यात असं करतात?"

आयुष्यभर जिला मराठीत प्रश्न विचारला की डचमध्ये उत्तर आलं, तिने मला "आपल्यात" काय करतात ते विचारावं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "आपल्यात जिने चढून माणसाला उचलणारी चार माणसं घरात असतात. इथे मी एकटी आहे."

"मग आमच्याकडे. खाली रूम आहे, बाथरूम पण खाली. मी वर्क फ्रॉम होम घेते. नर्स येईल रोज."

"आणि मी? बेस्टहून आल्मेऱ्याला रोज कशी येणार?"

"यू कॅन स्टे विथ अस, काकू."

"स्टे" म्हणजे राहायचं की मुक्कामाला यायचं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मला पाहुणीची खोली दिसली, दुसऱ्याच्या फ्रिजमधून विचारून दूध घेणारी मी दिसले, आणि मी ठाम झाले. तिची आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नव्हती आणि तिला तिथे फारसं नेलंही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या टेबलाशी मात्र ते मला आठवलं नाही. मला फक्त माझाच नवरा माझ्यापासून दूर नेला जातोय असं दिसत होतं.

मग आम्ही दोघींनी माझ्या मुलाकडे बघितलं.

तो कानकोंडा झाला. "आई, ते तिचे बाबा आहेत. आय कान्ट साइन अगेन्स्ट हर. आणि तुझ्या विरुद्ध पण नाही करणार."

"मग तू आहेस कशाला यात?" मी ओरडलेच.

"तेच तर मी तेव्हा विचारलं होतं," तो म्हणाला.

त्याने मला दिलेल्या उत्तरांतलं हे सर्वांत खरं उत्तर. त्याच्या बापाने त्याला सोडलं होतं, आणि दुसऱ्याच्या बापावर हक्क सांगायचा नाही हे त्याने फार लहानपणी स्वतःशी ठरवलं असावं. काकांनी सायकल शिकवली, गणित शिकवलं, पण हा कायम एक पाऊल मागे उभा राहिला. आणि आता आम्ही त्याला सांगत होतो की त्या माणसाने कुठे राहायचं ते तूच ठरव.

बेस्टची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. रिहॅबवाल्यांना पलंग रिकामा हवा होता, म्हणून नवऱ्याला तात्पुरतं एका दूरच्या गावातल्या केंद्रात हलवलं. तात्पुरतं म्हणजे तिघांचं एकमत होईपर्यंत. मी नोटरीला फोन केला. कागद बदलता येईल का? ती हळुवारपणे म्हणाली, ते फक्त तुमचे मिस्टरच बदलू शकले असते, आणि आता ते बदलू शकत नाहीत. न्यायाधीशांकडे जाता येईल, त्यांच्याकडून निर्णय करून घेता येईल. पोरीविरुद्ध कोर्टात जायचं? मी एकदा कोर्टातून घर मोडून आलेली बाई. ते मला जमण्यासारखं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नसावं. मग ईमेल सुरू झाली. एकमेकींची विचारपूस, धन्यवाद, काळजी घे, आणि मुद्द्याचं काही नाही. सगळा हिवाळा हे भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. इतक्या सभ्यतेने आम्ही त्याला त्या परक्या खोलीत ठेवलं.

दोन बस बदलून मी जायची. खोलीत आणखी एक म्हातारे गृहस्थ असत, त्यांचा टीव्ही दिवसभर चालू. तिथल्या मुली चांगल्या होत्या, कामसू होत्या, पण नवऱ्याचं बोलणं त्यांना कळायचं नाही. मी रोमन अक्षरांत शब्द लिहून भिंतीला चिकटवले होते. पाणी, पोळी, दुखतंय. त्या चुकतमाकत वाचायच्या आणि तो खूश व्हायचा.

एके दुपारी तिथली नर्स मला दारातच भेटली. म्हणाली, "बाई, हॅरी कोण?"

"हॅरी?"

"तुमचे मिस्टर सारखे हॅरीला हाक मारतात. सकाळपासून. भाऊ आहे का? मित्र? त्यांना बोलवा ना एकदा, यांना फार बरं वाटेल."

हॅरी नावाचं आमचं कुणीच नव्हतं. मी आत गेले. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे वळला, डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "घरी?"

भिंतीवरच्या शब्दांत तो एक शब्द मी लिहिला नव्हता. मी नर्सला सांगितलं की हॅरी म्हणजे घरी, म्हणजे नार हाउस. तिचा चेहरा उतरला. ती बिचारी सकाळपासून त्याला विचारत होती, हॅरी कधी येणार आहे?

मी कॉरिडॉरमध्ये गेले आणि मुलीला फोन लावला. काही जुळवाजुळव केली नाही, एवढंच म्हटलं, "तू ने बाबांना आल्मेऱ्याला. मी सही करते."

ती रडायला लागली. आधी डचमध्ये काहीतरी भरभर बोलली, मग मराठीत आली. "काकू, तू पण ये. राहायला ये. कायमची. मी तेव्हा तेच म्हणत होते." आणि थोड्या वेळाने, "बेस्टची ती जागा अजून असेल का? तू रोज जाऊ शकली असतीस. मला तिथे पण चाललं असतं. मला भीती वाटत होती, बस."

एवढंच होतं. एक फोन. तो मी पानगळीत करू शकले असते, नाताळात करू शकले असते. तिला करता आला असता. कागदाने आम्हाला अडवलं असं मी लोकांना सांगते, आणि ते खोटं नाही. पण कागदाने बोलायला मनाई केली नव्हती. तिघांनी मिळून सह्या करायच्या होत्या. तिघांनी मिळून बोलायचं मात्र आम्ही कधी शिकलोच नव्हतो, आणि ते शिकवेल असा कागद कुठल्याच नोटरीकडे मिळत नाही. याचं मला अतोनात वाईट वाटतं. नवऱ्यावर रागही येतो, की त्याने आमच्यावर इतका भरवसा का ठेवला.

माझ्या मुलाने त्याच दिवशी सही करून पाठवली. आल्मेऱ्याला पलंग आला. जावयाने बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले आणि मुलीने खिडकीतल्या कुंड्यांचा फोटो मला पाठवला. सोमवारी न्यायचं ठरलं.

शनिवारी ताप चढला. छातीत कफ होता. डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो होतो, माझा मुलगा रॉटरडॅमहून निघाला होता, तो पोचायच्या आधी सगळं संपलं. शेजारच्या गृहस्थांनी आपण होऊन टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारे गृहस्थ बेस्टच्या घरी आले. काळा सूट, हळू आवाज. त्यांनी सगळं विचारून घेतलं, दहन कुठे, किती लोक, फुलं कोणती, आणि मग कागद टेबलावर ठेवला. आम्ही तिघांनीही सवयीने खुर्च्या पुढे ओढल्या. माझ्या मुलाने तर खिशातून ओळखपत्रही काढलं.

"नाही नाही," ते घाईने म्हणाले, "एकाची सही पुरे. कुणाचीही चालेल."

मी म्हटलं, आमचा कागद तिघांचा आहे. त्यांनी समजावून सांगितलं की तो अधिकार माणूस जिवंत असेपर्यंतच असतो. आता त्याचा संबंध नाही.

कुणीच पेनाला हात लावेना. शेवटी मुलीने कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. गृहस्थांनी ती बघितली, कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि आमच्याशी हात मिळवून गेले.

दार लागल्यावरही मुलगी टेबलाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"काकू," ती म्हणाली, "इतकंच?"

"इतकंच," मी म्हटलं.